फक्कीचं स्वयंपाकघर

अंबडच्या बाहेर, एसटी स्टँड मागे टाकून दोन-चार शेतं ओलांडली की जो माळ लागतो, तिथं नंदाबाईचं घर होतं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. नगरपालिकेच्या घरकुलांसाठी देवानंद इंजिनिअरनं पांढऱ्या फक्कीनं मारलेल्या नुसत्या रेघा होत्या. कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, म्हणून त्यानं घरं होणार होती तेवढ्याच मापाची जमिनीवर आखून दाखवली. बिचाऱ्याला काय ठाऊक, लोक त्यात राहायलाच येतील!

नंदाबाई रोज संध्याकाळी यायची. रेघ ओलांडून कधीच शिरायची नाही. दारासाठी मोकळी सोडलेली जागा होती, तिथं चपला काढून आत जायची. एकदा एक शेळी सरळ भिंतीतून आत घुसली, तर बाईनं तिला हाकललं तेसुद्धा दारातूनच. हसणाऱ्यांचं काय जातं! भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत जिचा सगळा स्वयंपाक बाजेच्या पायथ्याशी झाला, तिला विचारा. नवरा कडूबा कूस बदलायचा आणि त्याचा पाय पिठाच्या डब्यावर पडायचा.

म्हणून तिचा सगळा जीव स्वयंपाकघरात. त्या चौकोनात ती बसली की उतरत्या उन्हात रेघा हळूहळू वर चढायच्या, मांडणीवर भांडी चकाकायची, लसणाच्या फोडणीचा वास यायचा. भाकरी थापता थापता ती कुणाशी तरी बोलत असायची. कुणाशी, ते तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

मग एके दिवशी माळावरच सभा भरली. देवानंद म्हणाला, "जागा आहे तेवढीच आहे आणि माणसं वाढली. ज्यांचे नंबर लागलेत त्यांनी स्वयंपाकघर हातभर आत घेतलं, तर प्रत्येक ओळीत आणखी एक घर बसतं. पण ओळीतल्या सगळ्यांची कबुली पाहिजे. या ओळीत सगळे हो म्हणाले. नंदाबाई, तुम्हीच राहिलात."

या ओळीत घर वाढलं तर ते जुबेदाला मिळणार होतं. जुबेदा म्हणजे पत्र्याच्या खोल्यांतली शेजारीण. दोघींच्या मध्ये एकच पत्रा. इकडं नंदाबाई खोकली की तिकडून आल्याचा तुकडा यायचा. आत्ता जुबेदा लांब उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. बोलली असती तर नंदाबाईला भांडता तरी आलं असतं.

"म्या न्हाई देणार," नंदाबाई ठणकावून म्हणाली. "जलमभर अंग चोरून रांधलं. आता हातभर जागा बी माझ्याच चुलीची दिसली का तुम्हाला?"

आणि किती जागा लागते ते दाखवायला ती आत जाऊन बसलीच. "हे बघा, हितं शेगडी. हितं हंडा. हितं पिठाचा डबा. अन् हितं..."

हात तिथंच थांबला. हितं कुणीतरी बसतं. तिनं आज पहिल्यांदाच मान वर केली. गुडघे पोटाशी घेऊन, लसूण सोलत, जुबेदा बसली होती. नंदाबाईला भयंकर राग आला. मेली, माझ्या घरात मला न विचारता रोज येऊन बसत होती!

तिनं डोळे मिटून उघडले. समोर कुणी नव्हतं. खरी जुबेदा अजून लांबच उभी होती.

नंदाबाई उठली. पायानं भिंत पुसली, घमेल्यातली मूठभर फक्की घेतली आणि हातभर अलीकडं नवी रेघ ओढली. वाकडीच आली.

"जुबेदा, इकडं ये. झालं तुझं घर. पण आता माझ्या चुलीपशी तुला बसायला जागा न्हाई राह्यली. उंबऱ्यात बसावं लागंल."

"उंबऱ्यात बैठू नको म्हणती ना तू?" जुबेदा जवळ आली. "लक्ष्मीची वाट अडती म्हणून?"

"तिला सांगते मी, बाई, जरा बाजूनं ये."

जुबेदा दाराच्या त्या मोकळ्या जागेत बसली आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. नंदाबाईला फार बरं वाटलं. आणि गेलेल्या हातभर जागेचं वाईटही तितकंच वाटलं.