बिडाच्या कढईतली रताळी

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे, आणि खरं सांगायचं तर आता थकले आहे. माझं बूड जाड आहे, दोन कान आहेत आणि वजन इतकं की मला एका हाताने उचलायला जाणारा पुन्हा तसं धाडस करत नाही. तुमच्या घरी हलकीफुलकी, रंगीत भांडी असतील. ती जे सांगतात ते ऐकायला गंमत येत असेल. माझ्याकडे गमती फारशा नाहीत. संध्याकाळी सहाच्या आसपास एका घरात काय घडत असे, एवढंच मला ठाऊक आहे.

मला एका म्हाताऱ्या ओताऱ्याने घडवलं. वितळलेलं लालभडक बीड त्याने वाळूच्या साच्यात ओतलं, मी थंड झाल्यावर काठ घासले आणि मला दुकानाच्या दाराशी मांडून ठेवलं. तेव्हा मी राखाडी, खरखरीत आणि अगदी कुरूप होते. गिऱ्हाईक नाक मुरडायचं. ओतारी म्हणायचा, "आज हिच्या रूपावर जाऊ नका. तेल पिऊ दे, विस्तव सोसू दे. वर्षभराने काळी कुळकुळीत होईल, मग हिला काही म्हणता काही चिकटायचं नाही."

ते बोलणं एका तरुण बाईने नीट ऐकून घेतलं. तीच या घरातली आई. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. दिवसभर ओल्या चादरी पिळायच्या, वाळलेल्यांच्या घड्या घालायच्या. घरी येते तेव्हा तिची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली असतात. बाबा बस चालवतात. पहाटेपासून दुपारपर्यंत एक फेरी, मग घरी येऊन झोप, आणि संध्याकाळी पावणेसातला पुन्हा दुसऱ्या फेरीला. दोन मुली आहेत. मोठी तेरा वर्षांची, मोजकं बोलणारी. धाकटी सहा वर्षांची, तिचं तोंड क्षणभर मिटत नाही, म्हणून सगळे तिला टकळी म्हणतात.

आई पावणेसहाला घरात शिरायची आणि बाबा पावणेसातला बाहेर पडायचे. त्या तासाभरात अर्धा तास असा होता की चौघं एका जमिनीवर, एकमेकांकडे तोंड करून बसायची. आठवड्यातल्या कामाच्या दिवसांत ती चौघं एकत्र भेटायची तेवढीच वेळ. ती वेळ सांभाळायची म्हणजे स्वयंपाक झटपट हवा, पोटभर हवा आणि खिशाला झेपणारा हवा. त्यावर आईने शोधलेला उपाय म्हणजे भरलेली रताळी.

मोठी पाचला शाळेतून यायची. दप्तर टाकून आधी चार रताळी धुवायची, कोरडी पुसायची, काट्याने टोचायची, तेलाचा हात फिरवायची आणि माझ्यात ठेवून वर झाकण घालायची. आच अगदी मंद. मधे एकदा उलटायची. आई येईपर्यंत सुरी लोण्यात शिरावी तशी रताळ्यात शिरायची. मग रताळी ताटात काढून माझ्यातच आई कांदा आणि लसूण परतायची, सकाळी शिजवून ठेवलेली चवळी घालायची. कधी चवळीऐवजी कोबी, कधी पालक, कधी कालचा उरलेला भात आणि मूग. रताळ्याला उभी चीर द्यायची, आतला गर काट्याने मोकळा करायचा, त्यात हे सारण दाबून भरायचं आणि वरून लिंबू पिळायचं. सव्वासहाला ताटं मांडलेली असायची. आई घास घेण्याआधी क्षणभर डोळे मिटायची, आणि तेवढ्यापुरती टकळीसुद्धा गप्प बसायची.

रोजच्या तापण्याला मी कधी कंटाळले नाही. नेम म्हटला की त्यात कंटाळ्याला जागा नसते. पण थकवा येतो, मित्रांनो. नेम मोडत नाही आणि थकवाही जात नाही. आईचंही तसंच होतं. बाबा म्हणायचे, "तुझ्या हाताला चव आहे गं!" ती हसायची. चव हाताला होती खरी, पण तो हात खांद्यापासून दुखत होता हे मला कळायचं, कारण मला उचलताना ती दात आवळायची.

आता जे झालं ते सांगते. बाबांना वाईट म्हणू नका. त्यांनी जे केलं ते मायेने केलं.

एका गुरुवारी बाबांना सुट्टी होती. आई कामावर, मुली शाळेत. बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. ते स्वतःशीच म्हणाले, "काय ही काळीठिक्कर! बायकोला बिचारीला हिला घासायला वेळच मिळत नाही." झालं. त्यांनी मला साबणाच्या कढत पाण्यात बुडवून ठेवलं. मग तारेची घासणी घेतली, मग भांडी घासायची पूड, मग कुठूनसा सँडपेपर. बाह्या सरसावून दोन तास ते मला घासत होते, वर गुणगुणतही होते. इतक्या वर्षांचं तेल आणि विस्तव मिळून माझ्या अंगावर जी काळी साय धरली होती, ती मोरीतून वाहून गेली. संध्याकाळी त्यांनी मला स्वच्छ फडक्यावर मांडून ठेवलं.

आई दारातच थांबली. "अहो, ही कुणाची कढई?"

"कुणाची काय, आपलीच! ओळखलीच नाहीस ना?" बाबांचं तोंड फुललं होतं.

आईने माझ्यावरून बोट फिरवलं. तिला काय झालंय ते कळलं. पण त्यांची सोललेली बोटं दिसली, आणि तिने खोबरेल तेलाची बाटली काढली.

दुसऱ्या दिवशी मोठीने नेहमीसारखी रताळी चढवली. रताळ्याचा गोड पाक सुटला आणि माझ्या उघड्या अंगाला गोंदासारखा चिकटला. उलटायला गेली तर साली खाली राहिल्या आणि रताळी फाटून वर आली. बाहेरून कोळसा, आतून कच्ची. आईने तरी कांदा टाकला. तोही धरला. चवळी काळपट पडली आणि तिला लोखंडाची चव आली. आई उलथन्याने खरवडत राहिली. घड्याळात साडेसहा झाले.

"असू दे गं, मी वाटेत खाईन काहीतरी," बाबा बुटाची नाडी बांधत म्हणाले. "पण असं कसं झालं? मी तर इतकी स्वच्छ केली होती!"

आईने उलथनं खाली ठेवलं. तिचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "तुम्हाला कढई घासायला दोन तास मिळाले," ती म्हणाली. "रताळी चढवायला मात्र इतक्या वर्षांत एकदाही वेळ मिळाला नाही. मला आता नाही जमत हो. खरंच नाही जमत."

बाबा उपाशीच गेले.

पुढच्या दिवसांत आई येताना पाव आणायला लागली. जो ज्या वेळी येईल त्याने त्या वेळी खावं, असं झालं. मोठी पुस्तकासमोर खायची, बाबा उभ्या उभ्या, आई बहुधा खायचीच नाही. मला बादलीमागे सरकवलं होतं. अंगावर तांबूस गंज चढत होता. एकदा टकळी माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "कढई, तू आजारी आहेस का? आई पण आजारी आहे. पण ताप नाहीये."

हे बाबांनीही ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायचं सोडून त्यांनी मला काखेत मारलं आणि खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर खाणावळ चालवणाऱ्या मावशींकडे नेलं. मावशींनी मला उलटसुलट पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"मीच. साफ केली."

"साफ कसली! अहो ड्रायव्हरसाहेब, अंगावरची कातडी सोललीत आणि वर विचारताय, गोरी दिसते ना?" मावशी हसल्या, मग त्यांनाच वाईट वाटलं. "बसा. गंज काढा, धुवा, लगेच विस्तवावर कोरडी करा. मग तेलाचा पुसटसा हात, धूर निघेपर्यंत तापवायची, गार करायची. पुन्हा तेच. आणि हे एका दिवसाचं काम नव्हे, बरं का. रोज करायचं."

"किती दिवस?"

"ते कढईच सांगेल."

नऊ दिवस बाबांनी झोपेतला एक तास मला दिला. पहिल्या दिवशी तेल जास्त झालं आणि मी चिकट झाले; त्यांनी पुसून पुन्हा सुरुवात केली. चौथ्या दिवशी बोट भाजलं. रोज तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. खरं सांगते, मला नको झालं होतं. पण तो माणूस पेंगत का होईना, रोज येत होता.

दहाव्या दिवशी आई घरात शिरली तेव्हा रताळी शिजली होती. बाबा कांदा परतत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बाबा, रडताय?" टकळीने विचारलं.

"कांदा आहे गं तो."

"पण कांदा तर मगाशीच चिरून झाला!"

"गप्प बस, ताटं मांड," मोठी म्हणाली, आणि तीही हसली.

आई कंबरेला पदर खोचायला लागली, तर बाबांनी तिला पाटाकडे बोट दाखवलं. "तू बस."

ती बसली. चटकन जमलं नाही तिला. दोनदा उठायला गेली. बाबांनी पहिलं ताट तिच्यासमोर ठेवलं. रताळ्याची चीर वाकडी गेली होती, सारण अर्धं बाहेर सांडलं होतं, एका बाजूला साल अजूनही माझ्या बुडाला धरली होती. मी काही पूर्वीसारखी झाले नव्हते. त्याला वर्षं लागतील. आईने डोळे मिटले. या वेळी जरा जास्त वेळ. मग घास घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा पडला. तिने सावकाश सगळं रताळं संपवलं आणि ताट पुढे केलं. "अजून आहे का? आणि हे बघा, उद्या कोबी घ्या. कोबीला वेळ कमी लागतो, तुमची धावपळ होणार नाही."

बाबांनी मान डोलावली. सहा पस्तीस झाले होते. अजून दहा मिनिटं होती, म्हणून तेही बसले.

मित्रांनो, माझी तुम्हाला फार मोठी विनंती नाही. बिडाच्या भांड्याला रात्रभर पाण्यात ठेवू नका, धुतलं की कोरडं करून तेलाचं बोट फिरवा. आणि तुमच्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर जे माणूस सगळ्यांत शेवटी बसतं, त्याला आज आधी बसवा. चव बिघडेल. बिघडू द्या.