नाव आत आहे

रॉदरहॅमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी कॉम्प्युटर क्लब भरायचा. तिथली रीत साधी होती: खेळ कुणीही लिहो, प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्यांची नावं असायचीच. खेळाची कॅसेट टेप कॉम्प्युटरला लावायची, खेळ मध्येच थांबवायचा, की सगळा प्रोग्रॅम पडद्यावर उघडा. ग्लेनिस आणि अ‍ॅलेक या जोडीचे खेळ असेच गावभर फिरले होते. नकाशे आणि चित्रं तिची, प्रोग्रॅम त्याचा.

टीव्हीला जोडून नुसते विकतचे खेळ चालवणाऱ्या कन्सोलचं नाव काढलं की क्लबात सगळे नाकं मुरडत. नुसतं खेळायचं, स्वतः काही लिहायची सोयच नाही, असलं खेळणं घरात आणायचंच कशाला? आणि यात सगळ्यात मोठा आवाज असायचा अ‍ॅलेकचा.

त्या हिवाळ्यात ग्लेनिस शाळेच्या कँटीनमधून दमून आली तरी कालव्याच्या खेळाचे नकाशे काढत बसायची. अ‍ॅलेक ते घेऊन जाई आणि म्हणे, अजून नीट जमत नाहीये, ईस्टरला टेप काढू. तिनेही भाबडेपणाने मान डोलावली. इतक्या जुन्या मित्रावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी बाजारातल्या दुकानात, काचेमागच्या टीव्हीवर, तिचाच कालवा वाहत होता. तिचीच लाल होडी, तिनेच आखलेली वळणं. शेजारी कन्सोल, आणि खेळाच्या खोक्यावर एकच नाव: अ‍ॅलेक हॉबडे. ती तडक त्याच्या घरी गेली.

त्याने नाकारलं नाही, उलट चहा ठेवला. म्हणाला, टेपचे दिवस संपले, दुकानदार हात लावत नाहीत, आणि कंपनीला एकच नाव हवं होतं.

"अगं, खोक्यावर नाही, पण आत आहे ना तुझं नाव. पहिल्या ओळीत, नेहमीसारखं."

"दाखव."

तो किटलीशी चाळा करत राहिला. "कन्सोलचा खेळ कार्ट्रिजच्या डबीत असतो, त्यातलं वाचता नाही येत गं. सगळं बंद असतं. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आजवर ठेवावा लागलाच नव्हता, अ‍ॅलेक. बघता यायचं."

तिला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं. ती उठली. अ‍ॅलेक दारापर्यंत मागे आला आणि त्याने हळूच विचारलं, दुसऱ्या भागाचे नकाशे कधी देशील.