बरा झालेला भाऊ

काशीराम गुरुजी आता उठत नाहीत, हे वाडीनं गृहीत धरलं होतं, आणि वाडीच्या आधी खुद्द काशीरामनं. रक्ताचा कर्करोग. मुंबईच्या एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालली होती, तिथं मुलीच्या, शमिकाच्या, हट्टापायी तो निघाला. निघण्याआधी त्यानं धाकट्या भावाला बोलावून घेतलं.

धोंडूशी त्याचा अबोला आई गेल्यापासूनचा. काशीराम तेव्हा गुहागरच्या शाळेत शिकवत होता, हाकेच्या अंतरावर म्हणावं असा. धोंडूनं निरोप धाडला तो आईला पोचवून आल्यावर. तेव्हापासून एकाच अंगणात दोन वाटा पडल्या होत्या.

"माझ्या मनात आता काय नाय," काशीराम म्हणाला. धोंडू त्याचे पाय धरून रडला. जाणाऱ्या माणसानं ओझं कशाला न्यायचं, एवढाच काशीरामचा हिशेब होता.

इस्पितळात डॉक्टर ईशानं त्याला नीट समजावलं. "औषधं जुनीच आहेत, दोन. वेगवेगळी दिली की एक शरीरातून लवकर निघून जातं, दुसरं मागं रेंगाळतं. आता दोन्ही ठरलेल्या प्रमाणात चरबीच्या एका सूक्ष्म कणात कोंडली आहेत. केसाच्या जाडीत असे शेकडो कण मावतील. रोगट पेशी कण गिळते, आणि दोन्ही औषधं तिच्यात एकदमच सुटतात."

"गुण येईल?"

"काहींना आला. तुमचं आत्ता सांगता येणार नाही."

नळीतून जांभळट औषध उतरू लागलं. ताप आला, तोंड सोललं, केस गेले. पुढं केव्हातरी ईशा हसत आली. हाडांतल्या मज्जेत रोगाच्या पेशी दिसत नव्हत्या. बायको येसूबाईनं पदर डोळ्यांना लावला. काशीराम वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिला. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं त्याला कळत होतं.

घरी आल्यावरही तसंच. माणसं भेटून गेली, बुद्धविहारात त्याच्यासाठी वंदना झाली. येसूबाईनं बांगडा मासळीचं झणझणीत तिखलं केलं, ते तो पेज प्यायल्यासारखा जेवला. शमिकाचा रोज फोन येई. "बरा आहे," तो सांगे, आणि ते खरंच होतं.

धोंडू मात्र रोज येऊ लागला. शहाळं ठेवायचा, पडवीत गप्प बसायचा. एका सकाळी तो खाली मान घालून बोलला, "दादा, तू मरणार म्हणून मला माफ केलंस. आता तू जगलास. शब्द मागं घ्यायचा असंल तर घे. मी यायचा बंद होईन."

काशीरामनं खरोखरच आत शोधून पाहिलं. इतकी वर्षं जपलेला राग जागेवर नव्हता. त्या जागी माया आली होती, असंही नाही. घर झाडून काढावं आणि सामान आत ठेवायचं राहून जावं, तसं होतं ते.

"राग नाय रे," तो म्हणाला. "पण दुसरंही काय नाय. तुला खोटं कशाला सांगू?"

धोंडू उठायला लागला.

"बस. आई गेली तेव्हा काय झालं ते सांग. मी कधी विचारलंच नाय."

धोंडू पुन्हा खाली टेकला. मग म्हणाला, "संध्याकाळपासून ती तुझं नाव घेत होती. मला वाटलं, सकाळी कळवू. सकाळ व्हायच्या आधीच ती गेली. मग तुला तोंड कसं दाखवू, म्हणून उशीर करत गेलो."

काशीरामला वाटलं, आता तरी डोळे भरतील. भरले नाहीत.

"नाव कसं घेत होती? काशीराम म्हणत होती?"

"नाय. काश्या म्हणत होती."

"जेवली होती?"

"भात मऊ करून दिला होता मथुरानं. दोन घास गेले." बायकोचं नाव निघालं तसा धोंडू थांबला. "तिला जास्त ठाऊक. शेवटी तिनंच आईला मांडी दिली होती."

येसूबाई चहा ठेवून गेली. दोघं तो प्यायले. ऊन पडवीत चढलं तसा धोंडू निघाला.

"उद्या मथुराला घेऊन ये," काशीराम म्हणाला. "तिच्याकडनंही ऐकायचं आहे."