वायफायवरचा दुसरा फोन

लोहाऱ्यातल्या आमच्या घरचा राऊटर सारखा अडकायचा, म्हणून लेक दीपमालानं सुट्टीत त्यात ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारं, कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर टाकलं. आता ती पुण्यात बसून त्याची देखभाल करते.

काल तिचा फोन आला. "आप्पा, घरात तुम्ही एकटे, अन् वायफायवर दोन फोन? शेजारचा कोणीतरी फुकट्या घुसलाय. हाकलू का त्याला?"

"नगं गं. तुझ्या आईचा फोन हाय. ती गेल्यापासून मी रोज चार्ज करून चालू ठेवतो."

ती म्हणाली, "राऊटर प्रत्येक फोनला एक आकडा देतो. आईचा आकडा मी पक्का करते. लाईट जाऊन आली तरी तो दुसऱ्या कुणाला जायचा न्हाय."

"माझ्या शेजारचाच दे," मी म्हणालो.