दर्भाचा कावळा

२०२१ साल. त्या वर्षी टेंभुर्णीच्या पुढचं ते तळं काठोकाठ भरलं, आणि दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत रामकिसनअण्णा गेले.

जयवंताबाईंना गळ टाकायला शिकवलं ते अण्णांनीच. नवरा गेल्यावर त्या शेळ्या घेऊन तळ्याच्या पाळूवर, बांधावर, येऊन बसायच्या. एकदा त्यांना रडताना पाहून अण्णांनी हातात गळाची काठी दिली.

"धर. हा मोराच्या पिसाचा देठ बुडला की वढायचं. तवर बोलायचं न्हाई."

बाईमाणसानं गळ टाकायचा म्हणजे गावाला करमणूकच. येणारेजाणारे विचारत, "जयवंताबाई, आज शेळ्या पाण्यात चारून राह्यल्या का?"

"व्हय," अण्णा सांगत, "दूध जास्ती देत्यात."

गळाला लावायच्या कणकेत हळद किती घालायची, सावली पाण्यावर का पडू द्यायची नाही, अंड्यांनी फुगलेली मरळ परत का सोडायची, सगळं त्यांनी शिकवलं. दोघांचं म्हातारपण त्या पाळूवरच आलं.

त्या वर्षी अण्णांच्या मुलानं, राधेश्यामनं, भागीदार धरून तळ्याचा ठेका घेतला. मासळीचं बीज सोडलं आणि पाटी ठोकली, गळ टाकण्यास मनाई. अण्णांना वाटलं, पाटी लोकांसाठी आहे. भागीदारांदेखत राधेश्यामनं बापाच्या हातातली काठी घेतली आणि गुडघ्यावर मोडली.

"अण्णा, तुमाला सोडलं तर दुसऱ्याला कोन्या तोंडानं आडवू?"

अण्णा धोतर झटकून उठले ते परत तळ्यावर आले नाहीत. जयवंताबाई त्यांच्या घरी जाऊन म्हणाल्या, "चला, नदीकडं जाऊ."

"न्हाई जयवंता. आता बिलकुल मन न्हाई." हळूहळू त्यांचं जेवणही सुटलं.

दहाव्याला पिंड तळ्याच्या काठावरच ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. अण्णांचे चुलतभाऊ तातेराव हात जोडून एकेक सांगू लागले. राधेश्याम आईला अंतर देणार न्हाई. जमीन इकणार न्हाई. कावळे ढिम्म. उन्हं चढली. पोटात भूक पेटलेली माणसं चुळबुळ करू लागली.

जयवंताबाई शेळ्या घेऊन लांब उभ्या होत्या. तातेरावांनी हाक मारली, "बाई, तुमी रोज संगं बसायच्या. काय राह्यलं आमच्या भावाचं?"

त्या पुढं आल्या. अण्णांसाठी आता एवढंच करता येणार होतं. "गळाची बंदी उठली म्हनावं. कोनीबी यावं, काठी टाकून बसावं. एवढं म्हन, राधेश्याम."

सगळे त्याच्याकडं बघू लागले. दहाव्याला काठावर बोललेला शब्द फिरवता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"काकू, ठेका माझ्या एकट्याचा न्हाई."

"तुझ्या बापापुरतं तरी म्हन."

"बाप हाये का आता गळ टाकायला?" तो खाली बघून म्हणाला. मग भटजींकडं वळला. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा. जल्दी."

भटजींनी दर्भाची गाठ मारून कावळा केला, पिंडाला टेकवला. माणसं मोकळी झाली, आंघोळीला उतरली. पिंड पाण्यात सोडला तशी ठेक्याची मासळी त्याच्यावर तुटून पडली. जयवंताबाईंनी शेळ्या वळवल्या.

राधेश्यामनं पुढं ठेका वाढवून घेतला. आता तो जालन्यात राहतो, गावात सणावारालाच दिसतो. आईला मात्र त्यानं खरंच अंतर दिलं नाही, सगुणाबाई त्याच्याजवळच असतात. तातेराव मागच्या उन्हाळ्यात वारले. त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणतात. जयवंताबाईंचे गुडघे गेले. शेळ्या विकून त्या बदनापूरला लेकीकडे, शिवकन्येकडे राहायला गेल्या. जावई बाजारातून कधी मासळी आणतो. त्या दिवशी त्या भाकर चटणीशी खातात, आणि राधेश्यामचं नाव निघालं की ताटावरून उठतात.