भोंगाबाईंची खिडकी

"आजोबा, त्रास काय होतोय?"

"काय?"

"त्रास हो, त्रास! कसला त्रास होतोय?"

खिडकीपलीकडचे आजोबा ओशाळून मागे बघू लागले. मागे अख्खी रांग कान टवकारून उभी. ते काचेला तोंड लावून काहीतरी पुटपुटले. काचेवर वाफ धरली; आत एक अक्षर पोचलं नाही.

इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवरच्या या बाईंना सगळे भोंगाबाई म्हणत. वर्षभरापूर्वी तिथे छतापर्यंत जाड काच बसली, तेव्हापासून. कागद सरकवायला खाली फट होती, बोलायला भोक ठेवायचं राहून गेलं होतं. त्याआधी बाई इतक्या हळू विचारायच्या की माणसं नको तेही सांगून मोकळी व्हायची. आता त्याही ओरडत, पेशंटही ओरडत. 'उद्धट बोलतात' ही तक्रार मात्र एकट्या बाईंच्या खात्यावर जमा. दोन झाल्या होत्या. तिसरी आली की रवानगी तळघरात, चादरींच्या गोदामात.

"साहेब, काचेला भोक तेवढं पाडून द्या," बाईंनी व्यवस्थापकांना विनवून पाहिलं होतं.

"अहो, केवढ्याची काच आहे ती! प्रश्न काचेचा नाही बाई, वृत्तीचा आहे."

वृत्तीवर इलाज म्हणून एक शिकवणारी मुलगी आली. तिने दिवसभर गोड बोलायला शिकवलं. बंद खोलीत, समोरासमोर बसवून, मध्ये काच नसताना. तिथे बाई पहिल्या आल्या. साहेबांनी टाळ्याही वाजवल्या.

"जोरात सांगा ना हो, आम्हाला काय दुसरे उद्योग नाहीत?" रांगेतून कुणीतरी खेकसलं. आजोबांचे डोळे भरून आले. तशा बाई ताडकन उठल्या, बाजूच्या दाराने बाहेर आल्या आणि त्यांना भिंतीकडे नेऊन कानाशी वाकल्या.

"कपडे ओले होतात, बाई," आजोबा म्हणाले. "सुनेला कसं सांगू?"

"कुणाला सांगायचं नाही. मी लिहिते, डॉक्टर वाचतील. झालं!"

बाई आत जाऊन बसतात न बसतात, तोच काचेसमोर साहेब उभे. त्यांचे ओठ हलले.

"काय?" बाई म्हणाल्या.

"खिडकी सोडून कुठे गेला होतात?"

"ऐकू येत नाही, साहेब!"

"उद्यापासून गोदामात!" साहेब असे गरजले की रांगेतलं तान्हं मूल रडायला लागलं.

बाई पुन्हा बाहेर आल्या. साहेबांच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "एवढंच होतं, तर बाजूला बोलावून सांगायचं ना. सगळ्यांनी ऐकलं."

"बघितलंत?" साहेब रांगेकडे वळून म्हणाले, "हीच ती वृत्ती."

तळघरात काच नव्हती. माणसंही नव्हती, छताला टेकलेल्या चादरी आणि एक धुलाईवाला.

"पांढऱ्या किती आल्या?" बाईंनी विचारलं.

"अहो ताई," तो दचकला, "ओरडता कशाला? शेजारीच तर उभा आहे."

बाईंनी घसा साफ केला, आवाज जमेल तेवढा खाली ओढला आणि पुन्हा विचारलं.

धुलाईवाल्याने हातातल्या चादरीने कान झाकला.