हळदीचे पाणी

राजुऱ्यात हिवाळ्यातली सकाळ घाईने येत नाही. आधी समोरच्या घरावरील पाण्याच्या टाकीची कड तेवढी उजळते आणि बराच वेळ तेवढीच उजळलेली राहते. मग ऊन भिंतीवरून खाली उतरू लागते, पोपडे धरलेल्या चुन्यात जरा अडखळते आणि सीताफळाच्या झाडापाशी येऊन थांबते. पानांवर कोळशाच्या ट्रकांची धूळ असते, त्यामुळे तिथे ते चमकत नाही, नुसते बसून राहते. तिथून अंगणात, अंगणातून गाडीच्या टपावर, काचेवर, बॉनेटवर. सर्वांत शेवटी, जणू नाइलाजाने, ते गाडीखाली शिरते.

अश्वजित पायरीवर बसून हे सगळे पाहत होता. हातातला चहा केव्हाच निवला होता. गाडीखाली पाण्याचे थारोळे साचले होते, कालच्यापेक्षा मोठे, आणि ऊन तिथवर पोहोचले तेव्हा ते पिवळे दिसले. उन्हाचाच रंग असावा, असे त्याने ठरवले. अलीकडे तो पुष्कळ गोष्टी अशा ठरवून टाकीत असे. ठरवले की विचारावे लागत नाही.

आतून आईने, रुखमाबाईने, गॅरेजातून येताना हळदीची पुडी आणायला सांगितले. याच आठवड्यात तिने एकदा सांगितले होते आणि त्याने आणलीही होती. ‘आणतो,’ एवढेच तो म्हणाला. तीही त्याच्याकडे न पाहता पीठ मळत राहिली.

उद्या गडचिरोलीला नूतनकडे, त्याच्या बहिणीकडे, जायचे होते. तिच्या मुलीचे नाव ठेवायचे होते. अश्वजित गडचांदूरच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होता. परीक्षा सुरू असल्याने उद्या त्याला सुटी नव्हती. आईला घेऊन बाबाच गाडी नेणार होते. चंद्रपूर ओलांडले की पुढे मूल गावापर्यंत वाघांचे जंगल, आणि तिथे गाडी तापली तर खाली उतरून बॉनेट उघडावे असा तो रस्ता नाही. म्हणून गळणाऱ्या रेडिएटरचे आजच काय ते करायला हवे होते.

त्याचे बाबा, श्रीहरी, आयुष्यभर कोळसा खाणीच्या वाहन दुरुस्ती विभागात होते. डम्परचे दोन माणसांनाही न उचलवणारे पितळी रेडिएटर त्यांच्या हाताखालून गेले होते. गळका सांधा बुजवायला कथलाचा डाख द्यावा तो श्रीहरीभाऊंनीच, असे खाणीत म्हणत. ही गाडी घेतली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडून आत पाहिले होते आणि रेडिएटरच्या टाकीवर टिचकी मारून हसले होते. प्लास्टिकची टाकी! हे काय रेडिएटर हाय का बिसलेरीची बाटली, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते.

गाडी बाबांनीच चालवली. लहानूचे गॅरेज आसिफाबाद रस्त्याला आहे. बाबांनी चौकातून गाडी खाणीच्या वाटेला घातली. अश्वजितने रस्ता सांगितला तेव्हा त्यांनी मुकाट्याने गाडी वळवली. तीस वर्षांची सवय, असे अश्वजितने ठरवले.

लहानू बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने जय भीम घातला, खुर्ची पुसून दिली, आणि बाबांच्या देखत काम करायचे म्हणून जरा जास्तच नेटाने रेडिएटर काढला. उपडा केल्यावर आतून पाणी आले नाही. आला तो चिखल. दाट, पिवळा, पिठल्यासारखा. रेडिएटरच्या गळक्या जाळीत हळद टाकली की ती छेदात जाऊन बसते, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. पण तो चिमूटभर हळदीचा. इथे घरातले डबेच्या डबे रिते झाले होते.

"कोन टाकली बे येवढी हळद?" लहानू म्हणाला. "लगन लावून राह्यले का गाडीचं?"

सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत अश्वजितकडे वळून त्यांनी विचारले, "खरंच, कोनत्या गाढवानं टाकली?"

त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीची एक रेषही नव्हती. अश्वजित त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आत काहीतरी हलायला हवे होते, हलले नाही. हिवाळ्यात बधिर झालेल्या बोटांना आपण पाहतो आणि ती आपली वाटत नाहीत, तसे त्याला स्वतःविषयी वाटले.

"मी टाकली," तो म्हणाला.

लहानूने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

बाबांनी त्याला यथास्थित झापले. एवढी पुस्तके वाचून काय उपयोग, असे म्हणाले. हळद फुगते, नळ्या कोंडतात, पाणी फिरत नाही, वरची टाकी तापते नि खालची थंड राहते, हे त्यांनी बोटाने एकेक नळी दाखवत समजावले. एक शब्द चुकला नाही. ते ऐकताना अश्वजितला इतके हलके वाटले की तो जवळजवळ हसला. ज्याला हे सारे असे मुखोद्गत आहे, त्याचे काही बिघडलेले नाही. हळदीचे काय, कोणाच्याही लक्षातून जाईल.

लहानूने रेडिएटर पाण्यात धरून पाहिला. जाळीत छेद होते आणि वरची टाकीही चिरली होती. चिकटवून देता येईल, गावातल्या गावात चालेलही, पण जंगलाच्या रस्त्याचा भरवसा आपण देणार नाही, असे त्याने सांगितले. नवाच टाकावा, चंद्रपूरहून दुपारपर्यंत येईल.

"नवा कायले?" बाबा उठले. "डाख मारतो न मी. हात का मोडले माहे?"

लहानू अश्वजितकडे पाहू लागला. सांगणे अश्वजितवर होते, आणि लहानू काय विचारतो आहे हे अश्वजितला कळत होते. नवा म्हणावे तर बाबांचा हात आता चालत नाही असे म्हटल्यासारखे होते. आणि हात चालत नाही म्हटले की मग हळदही आली, खाणीची वाटही आली, उद्याचा प्रवासही आला.

"दुरुस्तच करू," तो म्हणाला.

बाबांनी बाह्या सारल्या. लहानूने कोपऱ्यातली डाख द्यायची जुनी काडी काढून दिली, तापवायला स्टोव्ह पेटवून दिला. बाबांच्या हालचाली पाहत राहाव्या अशाच होत्या. काडी तापली की नाही हे त्यांनी गालाजवळ धरून ओळखले. शेवटच्या क्षणी ते थांबतील, टाकीवर टिचकी मारतील, हसतील, असे अश्वजितला वाटत होते. लहानूने पाण्याची बादली जवळ ओढून ठेवली.

बाबांनी तापलेली काडी प्लास्टिकच्या टाकीवर ठेवली.

धूर झाला. टाकी वितळून खाली लोंबली, काळी, तार धरलेली. बाबांनी काडी उचलली, पुन्हा ठेवली. मग उचलून धरली, ती धरलेलीच राहिली. जळक्या वासाने सगळे गॅरेज भरले.

"आजकाल पितळच बराबर येत नाई, लहान्या," ते हळू म्हणाले.

"नाई येत, भाऊ," लहानू म्हणाला आणि त्यांच्या हातातली काडी अलगद काढून घेतली.

नवा रेडिएटर मागवायला अश्वजितने नुसती मान डोलावली. चहा आला. बाबा खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत राहिले, आणि थोड्या वेळाने, काही झालेच नाही अशा स्वरात, उद्याचे बोलू लागले. पहाटे निघायचे. चंद्रपूरला थांबायचे नाही. नूतनला फोन करून सांग.

"उद्या मी चालवतो, बाबा," अश्वजित म्हणाला. "सुटी टाकतो."

"काऊन? मले रस्ता मालूम नाई का?"

लहानू पाने-पेचकस शोधायच्या निमित्ताने आत गेला. अश्वजितने कप खाली ठेवला. त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्या कोणाचा वाटला.

"तुमाले आठवत नाई आता, बाबा."